नानांच्या तबकातली सुपारी

पाण्याचा टँकर आला की नाना आधी त्याच्या चालकाला त्यातले भांडेभर पाणी प्यायला लावत आणि मगच नळी टाकीत सोडू देत. चालक हसत म्हणे, "नाना, एक दिवस तुम्ही देवाला पण आधी प्रसाद चाखायला लावाल." नाना हसत नसत. चालकाने घोट गिळला की नाही, याकडे त्यांचे लक्ष असे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमची इमारत उभी राहिली, त्या नव्वदच्या दशकात नाना सोसायटीचे चिटणीस होते. मी त्यांच्या शेजारी राहणारा भिक्षुक. संशय हा दोष, असे मी पाठशाळेत शिकलो होतो; नानांच्या ठायी मात्र तो नित्यनेमासारखा वसत होता. दूधवाल्यावर संशय, वाण्यावर संशय. पण सर्वांत अधिक संशय स्वतःच्या स्मरणशक्तीवर.

कामे लक्षात ठेवण्यासाठी त्यांनी अनेक उपाय केले. डायरी आणली, तेव्हा म्हणाले, "गुरुजी, लिहिलं की मन म्हणतं, झालं काम. ही डायरी मला फसवते." कालनिर्णयाच्या चौकटी दुधाच्या आकड्यांनी आधीच भरलेल्या. रुमालाला गाठ मारली, तर गाठ कशाची हेच आठवेना. दारामागे पाटी टांगली आणि तीन दिवसांत काढली. शेजारची मुले ती पुसतात, असा त्यांचा ठाम समज झाला. मुले बिचारी नानांच्या दारासमोरून पळतच जात.

पुढे त्यांच्या घरी सत्यनारायण झाला. चौरंगावर मी सुपाऱ्या मांडल्या, एकेका देवतेचे आवाहन केले. नाना माझ्या हाताकडे टक लावून होते. शेवटी राहवले नाही. "गुरुजी, सगळ्या सुपाऱ्या सारख्याच. कोण कुठला, हे तुम्हाला कळतं कसं?"

"जागेवरून," मी म्हणालो. "आणि नाव घेऊन बोलावले आहे, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्नान करून देवघरापुढे पितळी तबक घेऊन बसलेले दिसले. पाण्याचे काम स्वयंपाकघराच्या बाजूला, कचेरीचे खिडकीच्या बाजूला, बाहेर जाण्याचे दाराच्या कडेला. एकेक सुपारी ठेवून ते काम मोठ्याने उच्चारीत होते. मला प्रथम थोडे अवघडल्यासारखे झाले. पण त्यांची निष्ठा पाहिली आणि मी विरोध केला नाही. सायंकाळी झालेल्या कामाची सुपारी ते उचलीत. देवतांना निरोप देताना आपण पुन्हा येण्याची विनंती करतो, हे मी सांगितले, तेव्हा ते घाईने म्हणाले, "देवाला म्हणा, गुरुजी. टँकरला नको!"

ही रीत मात्र त्यांना लाभली. सुपारी पुसता येत नाही आणि गप्पही बसत नाही, असे ते म्हणत.

केवळ एक सुपारी दाराच्या कडेला तशीच पडून असे. ती जवळच्या गास गावी जाण्याची. गासला त्यांचा धाकटा भाऊ वसंता वडिलार्जित वाडी सांभाळीत होता. वसंता वाडी बिल्डरला देणार, या नानांच्या संशयावरून दोघांचे बोलणे तुटले होते. वसंता माडावरून पडून पायांनी अधू झाला आणि त्याने निरोप धाडला, "दादाला म्हणावं, एकदा येऊन जा." नानांनी सुपारी मांडली, पण जाईनात. "पायाचं निमित्त आहे, गुरुजी. गेलो की कागद पुढे करील. सही हवी असेल."

एके दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. नाना तबकाशी गेले आणि ओरडले, "माझी गास कुठे गेली?"

नानी विडा चघळीत होत्या. "खाल्ली."

"कोणी?"

"मी. दगडासारखी झाली होती, पण फोडली."

"अगं, आता मला आठवण कशी राहायची?"

"राहणारच नाही तुम्हाला. म्हणून आत्ता निघा."

नाना माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्हीही चला. साक्षीदार असलेला बरा." निघताना त्यांनी खिशातले पेन काढून फळीवर ठेवले.

वसंता विहिरीजवळ खाटेवर बसला होता. पाय खरोखरच गेलेले. "दादा, आलास? पानी घे आदी."

नानांची दृष्टी खाटेखाली, उशीकडे, पडवीत फिरत राहिली. वसंताने ते ओळखले. "कागद शोधतोस ना? नाय कुठला कागद. बिल्डर आलता, मी त्याला हाकलला. बापाची वाडी विकून मी जाऊ कुठं, दादा, या पायांनी?"

 वसंताच्या बायकोने आणलेला तांब्या नानांनी उचलला आणि कोणालाही आधी प्यायला न लावता एका दमात रिकामा केला. मी नानांना असे पाणी पिताना प्रथमच पाहिले.

निघताना वसंताने त्यांच्या हातात वाडीतलीच एक सुपारी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तबकात दाराच्या कडेला आली. दर आठवड्याला नाना गासला जात, आल्यावर ती उचलीत आणि कपाळाला लावून म्हणत, "पुन्हा ये." मग तिथेच परत ठेवीत. टँकरचालकाला भांडे मात्र अखेरपर्यंत प्यावे लागले.

नाना अचानक गेले. सुतक फिटल्यावर देवघर उघडले, तेव्हा तबकात ती एकच सुपारी होती. वसंताला दोघांनी रिक्षातून उचलून वर आणले होते. नानींनी विचारले, "गुरुजी, हिचं काय करायचं?"

विसर्जनासाठी मी हात पुढे केला, इतक्यात वसंताने आपला तळवा पसरला. "ती मला द्या, गुरुजी. आता येयाचं काम माजं हाय."

मी सुपारी त्याच्या हातावर ठेवली. नानींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "विसरलात ना भाऊजी, तर गासला येऊन फोडून खाईन."