हिच्या नावावर घेतलेला टॅब

माझा स्वभाव चिकट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही तसं म्हणणारच आहात. मी फक्त जन्मभर सरकारी नोकरी केली, आणि सरकारी माणसाला एखादी वस्तू पूर्ण किमतीत घेतली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला तेव्हापासून आमचं सगळंच सवलतीत. घर सवलतीत, औषधं सवलतीत, गावाला जायचं तिकीट सवलतीत. पुढे आर. के. पुरमला मोठं क्वार्टर मिळालं, खोल्या वाढल्या, सवय तीच राहिली.

निवृत्त झाल्यावर नोएडाच्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला आणि मी एकदम उघड्यावर पडलो. अकराव्या मजल्यावरून खाली पाहिलं की तीन मॉल दिसायचे, आणि तिन्हींत माझा निवृत्तीपूर्वीचा हुद्दा ऐकून कोणी पाच पैसेही कमी करत नसे. ज्या दिल्लीत मी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, तिथे आता दुकानदारच दारात उभे राहून मला हाका मारत होते. मला ते मनातून आवडायचं, पण तसं घरात कबूल करायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मला एकच व्यसन, मराठी वर्तमानपत्राचं. नोकरीत होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जाऊन एक दिवस शिळा पेपर वाचायचो. नोएडाहून तिथे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस खर्ची. फोनवर पेपर येतो म्हणतात, पण त्या मुंग्यांएवढ्या अक्षरांनी माझं डोकं दुखायचं.

"बाबा यार, टॅब घे ना," मुलगी म्हणाली. ती तेव्हा गुडगावला नोकरी करत होती आणि शनिवारी आमच्याकडे येऊन आम्हाला सुधारत होती. "अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात. बिल्कुल पाटीएवढी."

आम्ही दोघं मॉलमध्ये गेलो. टॅब हातात घेतला, पेपर उघडला, अक्षरं बोटांनी ताणली आणि मी प्रेमातच पडलो. मग किंमत पाहिली आणि टॅब हळूच जागेवर ठेवला. दुकानातल्या मुलीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "सर, घर में कोई स्टूडेंट है? आईडी दिखा दीजिए, डिस्काउंट मिल जाएगा."

घरात कोणी विद्यार्थी नव्हता. मुलगी कधीच पास होऊन कामाला लागलेली. पण सवलत हा शब्द कानावर पडला की माझं डोकं आपोआप चालू लागतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि सकाळी दात घासताना उपाय सापडला. मुक्त विद्यापीठ! वयाची अट नाही, फी बेताची, आणि प्रवेश घेतला की फोटोसकट ओळखपत्र. फी वजा करूनही टॅबवर चांगलाच फायदा होता.

आता, विद्यार्थी कोणाला करायचं? मी स्वतः एम.ए. झालेलो. शिवाय मंत्रालयातून निवृत्त झालेला अधिकारी विद्यार्थ्यांची सवलत घेतो, हे बरं दिसत नाही. आमच्या पिढीच्या सरकारी माणसांना जे जे करायचं पण स्वतःच्या नावावर बरं दिसत नाही, ते ते आम्ही बायकोच्या नावावर केलं. फ्लॅट हिच्या नावावर, लॉकर हिच्या नावावर. तसा टॅब हिच्या नावावर, एवढंच.

मी बी.ए.चा फॉर्म आणला आणि माझ्या वळणदार अक्षरात भरून टाकला. विषयाच्या रकान्यात जो पहिला दिसला त्यावर खूण केली, लोकप्रशासन. सही करायच्या जागी पेन्सिलीने छोटीशी फुली मारली. ही आमची घरातली पद्धतच होती. ऑफिसात साहेबासमोर फाइल ठेवताना जशी फुली मारायचो, तशीच घरी हिच्यासाठी मारायचो. तीस वर्षांत हिने फुलीवर सही केली नाही असं कधी झालं नव्हतं. कागद कसला आहे हेसुद्धा ती विचारत नसे.

त्या दिवशी तिने विचारलं नाही, पण वाचलं. फोडणीची तयारी चालली होती. गॅस बंद करून तिने ओट्यापाशी उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं. मग आत जाऊन खुर्चीत बसून दुसरं वाचलं. मी दारात पेन घेऊन उभा.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या लक्षात होतं?"

काय लक्षात होतं, हे मला क्षणभर कळेचना. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं. लग्न ठरलं तेव्हा ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मला दिल्लीहून जेमतेम दहा दिवसांची रजा. तिच्या वडिलांनी परीक्षेपर्यंत थांबा म्हटलं, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "दिल्लीत कॉलेजांना काय तोटा? मी पूर्ण करवून घेईन." ते मी दिल्लीची गाडी पकडायच्या आधीच विसरलो होतो. मग मुलगी झाली, बदल्यांची भीती, क्वार्टरची अदलाबदल, एकेक करत सगळं आयुष्यच होत गेलं.

मी म्हणालो, "हो. म्हणजे काय? होतंच."

खोटं बोलायला मला कधी फार वेळ लागला नाही, पण हे खोटं फारच पटकन आलं. तिचे डोळे भरून आले होते आणि त्या डोळ्यांसमोर टॅबचं नाव घेण्याची माझी हिंमत नव्हती. तिने सही केली. पण त्याआधी माझं लोकप्रशासन खोडलं आणि इतिहास लिहिलं. "प्रशासन मी तीस वर्षं घरात बघितलंय," ती म्हणाली.

ओळखपत्र आलं. मी त्याची झेरॉक्स काढून शेजारच्या निवृत्त अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतली. स्वतःच सही केली तरी चालते असा नियम एव्हाना आला होता, पण ज्याचा कागद त्याचीच सही, याला काय अर्थ आहे? गृहस्थांनी जुना शिक्का उमाळ्याने काढला आणि हिच्या फोटोवरच दणकन मारला. मॉलमधल्या मुलीने ती झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. "सर, इसमें मैडम दिख नहीं रहीं," ती म्हणाली. शेवटी मूळ कार्ड दाखवल्यावर टॅब मिळाला.

यशाने मी जरा चेकाळलो. मुलीने सांगितलं की ऑनलाइन खरेदीच्या एका साइटची वर्षाची मेंबरशिपही विद्यार्थ्यांना निम्म्यात मिळते, सामान दुसऱ्या दिवशी दारात. मी लगेच हिच्या नावाने अर्ज टाकला. उत्तर आलं, की ही सवलत अठरा ते चोवीस वयाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मी भडकलो. बारा वर्षं मी भरतीच्या विभागात वयोमर्यादा शिथिल करण्याच्या फाइली हाताळल्या होत्या. इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं, परिच्छेदांना क्रमांक दिले, विद्यार्थी कोणाला म्हणावं याची व्याख्या विचारली. त्यांच्याकडून तीन ओळींत आभार आले आणि खाली हसऱ्या तोंडाचं एक चित्र. असा शेरा मला उभ्या नोकरीत कोणी दिला नव्हता.

"जाऊ दे हो," ही म्हणाली. "मला कुठे सामान मागवायचंय? माझी असाइनमेंट द्यायचीय सोमवारी. तो टॅब द्या इकडे."

टॅब मी दिला, आणि तो पुन्हा काही माझ्या हाती लागला नाही. पुस्तकं त्यावर, व्याख्यानं त्यावर, अभ्यास केंद्रातल्या मैत्रिणींचा ग्रुप त्यावर. रविवारी सकाळी ही पाठीला सॅक लावून मेट्रोने दिल्लीतल्या केंद्रावर जायची आणि दुपारी मौर्य, मोगल असं काहीबाही बोलत परत यायची. माध्यम तिने हिंदी घेतलं होतं. भाजीवाल्यांशी घासाघीस करून कमावलेली हिंदी आता तिला परीक्षेत उपयोगी पडत होती. मी पेपर वाचायला पुन्हा फोनकडे वळलो आणि डोकं दुखवून घेऊ लागलो. तक्रार कोणाकडे करणार?

आमच्या मराठी मंडळात ही बातमी पसरायला एक हळदीकुंकू पुरलं. सासऱ्यांना दिलेला शब्द जावयाने तीस वर्षांनी पाळला! बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देऊ लागल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चोराच्या मनात चांदणं. मॉलचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो.

आणि हिलाही त्या शब्दाचा विषय अधूनमधून काढायची सवय लागली होती. एकदा शेंगा निवडता निवडता तिने विचारलं, "तुम्हाला मध्येच आठवलं, की पहिल्यापासून आठवत होतं?"

खोट्याला रंग द्यायचा तर पातळ कशाला द्या? मी म्हणालो, "पहिल्यापासून. एक दिवस विसरलो नाही."

ती उठली. शेंगांचं ताट उचलून आत गेली. मला वाटलं, गहिवरली.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी तिने हात टेकले. दोन पेपरांचा अभ्यास राहिला होता, गुडघा सुजला होता, लिहायची सवय मोडल्यामुळे बोटं आखडायची. "माझ्याच्यानं नाही होणार," ती म्हणाली. मी तिच्या बोटांना तेल चोळत बसलो होतो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण तुम्ही लक्षात ठेवून फॉर्म आणलात. बसायला तर हवं." तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. हिची सगळी परीक्षा माझ्या थापेवर उभी होती. मी खरं बोललो तर ही उद्या केंद्रावर जाणार नाही, आणि या वयात एकदा सोडलं की पुन्हा धरणार नाही. झाकली मूठ मी आणखी घट्ट झाकली.

तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत ती कधीकधी माझ्यावर उगाच फणकारायची. चहा मागितला की, "ठेवा की स्वतः, सगळं तर लक्षात असतं तुमच्या." मी ते अभ्यासाच्या ताणावर ढकललं आणि चहा करायला शिकलो. बरा होतो माझा चहा.

ती पास झाली, चांगल्या मार्कांनी. मुलीने गुडगावहून मिठाई आणली आणि आईला उचलून गोल फिरवलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या कुठल्याही बढतीला झाला नव्हता. मग मंडळाकडून फोन आला. वार्षिक कार्यक्रमात आमच्या दोघांचा सत्कार. ताईंना शाल-श्रीफळ पदवीसाठी, आणि मला शाल-श्रीफळ शब्द पाळल्याबद्दल.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ही साडीला इस्त्री करत होती. मी माझा झब्बा तिच्या हातात दिला, आणि वाटलं, तो काही माझ्याच्याने घालवणार नाही. शिव्या खाल्लेल्या चालतात, पण चार लोकांसमोर खोटी शाल अंगावर घ्यायची म्हणजे फारच झालं. शिवाय आता पदवी तिच्या हातात होती, ती काही परत जाणार नव्हती.

"अगं, एक सांगायचंय," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. मॉल, टॅब, त्या मुलीने सांगितलेली सवलत, फीचा हिशेब, सगळं. "मला काही आठवत नव्हतं. तू विचारलंस तेव्हा आठवलं."

तिने इस्त्री उभी केली. "म्हणजे मधली तीस वर्षं?"

"साफ विसरलो होतो."

"एकदाही नाही आठवलं?"

"एकदाही नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आता रडते की बोलते, असा विचार करत मी उभा होतो. तिने मोठा श्वास सोडला.

"अहो, मग आधी सांगायचंत ना," ती म्हणाली. "तीन वर्षं मी आतल्या आत कुढतेय. म्हटलं, या माणसाला रोज आठवत होतं, आणि रोज आठवत असून हा तीस वर्षं गप्प बसला. मी याचे डबे भरत होते, पोरीचा अभ्यास घेत होते, आणि हा सगळं माहीत असून बघत होता. विसरलात ना? मग ठीक आहे. विसरण्याचा काय राग धरायचा? माणूस विसरतो."

 मी तिला सुखात ठेवतोय असं समजून जे सांगितलं होतं, तेच तिला बोचत राहिलं होतं. मला फार लाज वाटली, आणि तिचा सैल पडलेला चेहरा बघून बरंही वाटलं.

तिने माझ्या झब्ब्यावर इस्त्री फिरवायला घेतली. मध्येच थांबून फोन उचलला आणि मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना लावला.

"हो, येतोय आम्ही, पाचपर्यंत पोचतो," ती म्हणाली. "फक्त एक करा. शाल एकच आणा. नाही हो, तब्येत छान आहे त्यांची. टाळ्या वाजवायला येतायत ते."