चाकाखालचं लिंबू

दुरुस्त झालेली गाडी ताब्यात देताना तो स्वतः वाकून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचा. जालना रोडवरच्या त्या शोरूममध्ये दुरुस्तीचं सगळं तोच बघायचा. "साहेब, मी हाय ना इथं. बिनघोर जा," असं म्हणत तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. मला ते आवडायचं.

ब्रेकचं काम केलं तेव्हाही त्यानं लिंबू ठेवलं. करमाडच्या अलीकडं ब्रेक लागलाच नाही. गाडी दुभाजकावर चढली आणि बायकोचं मनगट मोडलं. शोरूमनं जबाबदारी नाकारली, म्हणून आम्ही ग्राहक आयोगात गेलो.

सुनावणीला शोरूमतर्फे तोच आला. व्हरांड्यात त्यानं बायकोला वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानाशी लागला. "राग मानू नका साहेब, पण त्या दिवशी शोरूममधून निघताना तुम्ही गाडी मागं घेतली. लिंबू चिरडलंच नाही, तसंच राहिलं. मी बघितलं ना."

संताप याचा आला, की मी खरंच आठवू लागलो. पुढं दुसरी गाडी उभी होती, म्हणून मी मागं घेतली होती. बायकोच्या वाकड्या राहिलेल्या मनगटाकडं बघत मी रोज स्वतःलाच दोष देत होतो, आणि या माणसानं ते नेमकं हेरलं होतं.

"काय म्हणतायत भाऊ?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं.

"मग आत चला भाऊ," ती म्हणाली, "आणि हेच तिथं मोठ्यानं सांगा."

पुकारा झाला. त्यानं सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला.