हिरव्या खणाची पट्टी

भूत, चकवा, भानामती यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आता या वयात मानायला सुरुवात करणार नाही. मी जुनी मॅट्रिक, गणितात वर्गात पहिली. "माझ्या मावसभावाच्या मित्राला दिसलं होतं..." अशी कुणी सुरुवात केली की मी सरळ उठून चहा टाकते. तुम्हाला टाकायचा असेल तर खुशाल टाका. पण हे माझ्यासोबतच घडलंय, आणि तेही भर दिवसा.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझं सासर संग्रामपूर, सातपुड्याच्या पायथ्याशी. माहेर पार दुसऱ्या टोकाला, देऊळगाव राजाला. म्हणजे माहेरी जायचं तर अख्खा बुलढाणा जिल्हा ओलांडायचा. पहिलटकरीण मी. सातव्या महिन्यात ओटी भरून बाळंतपणाला निघाले होते, आणि मला डोहाळे लागले होते ते प्रवासाचे! चिंच नको, आवळा नको. मेहकरचा बालाजी, कंचनीचा महाल, लोणारचं सरोवर... जन्म या जिल्ह्यात गेला आणि यातलं एकही पाहिलेलं नव्हतं.

"दुसऱ्याच्या सुना आंबट मांगते, आमची देवळं मांगून राह्यली," सासूबाई म्हणाल्या. पण डोहाळे म्हटल्यावर पुरवणं आलंच. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून आम्ही दोघंच निघालो. आमच्या ह्यांच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. समोरून लोखंडी हँडल मारल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. तिची मर्जी सांभाळण्यात ह्यांचा अर्धा संसार गेला असं मी नेहमी म्हणायचे.

रात्री खामगावला नणंदेकडे मुक्काम केला आणि सकाळी न्याहारी करून मेहकरला आलो. बालाजीची ती काळ्या पाषाणातली उंच मूर्ती मी डोळे भरून पाहिली. मग कंचनीचा महाल. तिथून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनीनं तो बांधला, असं सांगतात. हे म्हणाले, "तिनं लोणार पाह्याले महाल बांधला. तुह्यासाठी मी जीप हाकून राह्यलो. कोणाचा खर्च जास्त, सांग!"

हसत हसतच त्यांनी हँडल मारलं आणि हँडलनं उलटा झटका दिला. उजवा पंजा फाटला. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून सासूबाईंनी ओटीत घातलेला हिरवा खण काढला, लाल काठाचा. त्याची लांब पट्टी फाडून मी हात बांधला. ही गोष्ट दुपारची, हे लक्षात ठेवा.

"आता सरळ तुह्या माहेरी. लोणार पुढच्या बाळंतपनात पाहू," हे म्हणाले. मी तेव्हा मान डोलावली, पण सुलतानपूरला लोणारचा फाटा दिसला आणि राहवेना. हट्टच धरला. हे हसले आणि जीप वळवली. आम्ही त्या रस्त्यानं जाणार हे त्या क्षणापर्यंत आम्हालाच ठाऊक नव्हतं!

थोडं पुढे गेलो आणि कळ आली. मग दुसरी. सातवा महिना, मार्गशीर्षाची थंडी, आजूबाजूला नुसती ज्वारी. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. पोर जगत नाही, एवढंच डोक्यात होतं.

एका वस्तीपाशी एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभी होती. यमुनाबाई, त्या भागातली सुईण. जीप थांबताच माझ्या बाजूला आली.

"उतर बाई. पानी तापेल आहे."

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी तुह्या मालकानं सांगतलं ना. पानी तापवा म्हने, अन् कापूस पिंजून ठेवा, पोर लय लहान आहे. मानूस थकेल दिसत होता. डाव्या हातानं पानी पेला म्हून ध्यानात राह्यला... उजव्याले हिरवं फडकं बांधेल होतं, लाल काठाचं."

हे तोवर जीपच्या पलीकडच्या बाजूला होते. वळसा घालून पुढे आले तशी ती म्हणाली, "हाव, हेच. आता बरे दिसता भाऊ."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. बोलायला वेळ नव्हता. आत चुलीवर पाणी उकळत होतं, आणि टोपलीभर कापूस पिंजून, शेकून ठेवलेला होता. दिवस मावळायच्या आत माझी लेक जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. यमुनाबाईनं तिला त्या गरम कापसात गुंडाळलं, नुसतं नाक उघडं ठेवून. "कापूस आधी पिंजेल नसता तं हे गार पडली असती," ती नंतर म्हणाली.

मी पुष्कळ डोकं चालवलं. दुसराच कुणी माणूस असेल? मग तो खण? यमुनाबाईनं मागाहून रचलं असेल? मग आम्ही येण्याआधीच पिंजलेला कापूस कशासाठी? सकाळी हे माझ्या शेजारी बसून पोहे खात होते, हात चांगला होता. गणित कुठूनही मांडा, सुटत नाही.

लेक चालायला लागल्यावर आम्ही तिला यमुनाबाईला दाखवून आणलं आणि लोणारही पाहिलं. उरलेल्या खणाची मी तिला कुंची शिवली होती. ती पट्टी मात्र धुऊन ट्रंकेत ठेवली. हे जन्मभर थट्टा करायचे, "मले अजून त्या वस्तीवर एक चक्कर मारायची बाकी आहे." मी म्हणायचे, "जीप सुरू झाली तर जाल ना!"

मागच्या हिवाळ्यात ते गेले. घरीच, लेक पायाशी बसलेली होती. पहाटे मला म्हणाले, "ते पट्टी काढ." मी ट्रंक उघडली आणि त्यांच्या उजव्या पंजाला पट्टी बांधली.

"येतो," म्हणाले.

काय वाटलं कोण जाणे, मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "कापसाचं सांगायला विसरू नका."

"हाव," म्हणाले. ते शेवटचं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणी दिलेलं मला पटणार नाही. मी आजही असलं काही मानत नाही. पण ते विसरले नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. लेक आत्ता माझ्यासमोर बसून गहू निवडतेय.