उरलेलं तो बघतो

"स्पेलिंग सांग," असं म्हणून त्या ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढायच्या. मग पेन कार्डावर आणि नाक जवळजवळ पेनावर टेकवून तुमचं नाव लिहायच्या. "भलत्याच माणसाचं काम व्हायला नको."

काम म्हणजे प्रार्थना. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात आमचं ऑफिस, तिथं या अमेरिकन बाई रिसेप्शनवर बसायच्या. निम्मं ऑफिस पुण्या-नागपूरचं. कोणाचा व्हिसा अडकलाय, कोणाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सगळ्यांची कार्डं त्यांच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. तुम्ही अमेरिकेत राहिला असाल तर अशी एखादी बाई तुम्हालाही भेटली असेल. काम झालं की लोक पेढे द्यायला यावेत तसे त्यांना सांगायला यायचे.

मी नागपूरच्या एका विज्ञानाच्या मास्तरांचा मुलगा. आमच्या घरात देव्हारा नव्हता, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. विमानात बसताना मला वाटलं होतं, चला, देवाधर्माच्या कटकटीतून सुटलो. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांच्या देशात चाललोय. इथं येऊन बघतो तर आमचा मॅनेजर पिझ्झा खाण्याआधी डोळे मिटतोय.

"माझा देवावर विश्वास नाही," मी बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

"तुला कुठं काय करायचंय? लिहिणारी मी, ऐकणारा तो. स्पेलिंग सांग."

एकदा लंचच्या वेळी मी विचारलंच, की तुम्ही अमेरिकन माणसं एवढी शिकलेली, मग देवाला इतकी घट्ट का धरून असता? त्यांनी सँडविच खाली ठेवलं.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझा नवरा जानेवारीत गोठ्यात कोसळला. बर्फाच्या वादळानं फोन बंद पडलेला. मी अंगणात उभी राहून ओरडले. सगळ्यात जवळचं घर मैलभर लांब. इथं हाक मारली तर शेजाऱ्याला ऐकू जात नाही, हनी. मग ज्याला ऐकू जात असेल त्याला मारायची."

"आणि त्यानं ऐकली?"

"नवरा गेला," त्या म्हणाल्या. "पण तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, तेव्हा चर्चमधल्या सात बायका जेवणाची सात भांडी घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यालाच उत्तर समजले."

बाबांनी यावर नक्की काहीतरी खोडून काढलं असतं. मी पोळीचा तुकडा मोडला.

त्याच जुन्या फार्महाउसमध्ये त्या एकट्या राहायच्या, आमच्यापासून चाळीस मिनिटांवर. मूलबाळ नव्हतं. तिथं बस नाही की फुटपाथ नाही. गाडी सुटली की चर्च सुटणार, आणि चर्च सुटलं की माणसं सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रिटायर होताना त्यांनी पाठदुखीचं कारण दिलं. पण शेवटच्या महिन्यांत त्या एका पाहुण्याचा पास दुसऱ्याच्या हातात ठेवू लागल्या होत्या, हे मी पाहिलं होतं.

"डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?" मी विचारलं.

"मधलं पुसट झालंय. कडेचं दिसतं."

"मग ड्राइव्ह कसं करता?"

"रस्ता मला पाठ आहे. उरलेलं तो बघतो."

मी हसलो. त्यांच्या सगळ्याच बोलण्यावर मी हसायचो, तसाच.

आमची मुलगी झाली तेव्हा त्या घरी आल्या. आम्ही मांस खात नाही म्हणून बटाटे, चीज आणि फरसबी घालून भाजलेलं काहीतरी त्यांनी काचेच्या मोठ्या भांड्यात आणलं होतं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर त्यांचं नाव. आता आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. बायकोनं ते धुऊन त्यात शिरा भरून पाठवला. महिन्याभरानं त्याच भांड्यातून लिंबाच्या वड्या आल्या. मग आमचा स्टीलचा डबा गेला, तोही भरून आला.

"माझी आईसुद्धा रिकामं भांडं पाठवायची नाही," त्या खूश होऊन म्हणाल्या. झालं. दोन्हीकडच्या आयांनी मिळून आम्हाला बांधून टाकलं. चार वर्षं भांडी जात-येत राहिली. कधी मी पोचवायचो, पण बहुतेक वेळा त्याच यायच्या. त्यांना निघायला निमित्तच हवं असायचं.

त्यांच्या गाडीचा उजवा आरसा गेला. मग पुढचा बंपर. "हरीण होतं," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी त्यांच्या अंगणातली टपालपेटी आडवी पडलेली दिसली. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

मग ऑक्टोबरातली ती दुपार. मी खिडकीत उभा होतो. मुलगी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर तिची पायानं ढकलायची छोटी स्कूटर टाकून पाणी प्यायला आत आली, आणि त्यांची गाडी वळली. स्कूटरवरून पुढचं चाक गेलं, मग मागचं. गाडी थांबली. त्या डबा सांभाळत उतरल्या.

"तुमच्या झाडाची फांदी पडलीय वाटतं," त्या म्हणाल्या.

आत मुलगी पाणी पीत होती. तरी मी म्हणालो, "हो. काढतो नंतर." त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवायला गेलो, मग मोडकी स्कूटर गराजमध्ये जुन्या खोक्यांमागे दडवली. बायकोला सांगितलं, चाक निघालं. मुलगी म्हणाली, "बट इट वॉज फाइन, बाबा." मी तिला गप्प केलं.

बाबा म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण. पण पंचाहत्तरीच्या बाईला तोंडावर सांगायचं, की तुम्ही आता गाडी चालवू नका, म्हणजे घरात मरेपर्यंत एकट्या बसा? माझी जीभ रेटली नाही. बायकोला एवढंच म्हणालो, "हे भांड्यांचं आता बंद करू या."

"म्हणजे रिकामं पाठवायचं? कसं दिसेल ते?" ती म्हणाली. खरं कारण मी तिच्यापासून लपवलं होतं, मग तिनं तरी काय म्हणावं?

संक्रांतीला तिनं डबाभर तिळाचे लाडू केले आणि मी ते नेऊन दिले. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "डबा गुरुवारी आणते." गुरुवारी दुपारनंतर बर्फ येणार, असं सकाळपासून सगळे सांगत होते. येऊ नका, मी येतो, एवढीच दोन वाक्यं बोलायची होती. मी म्हणालो, "सावकाश या."

गुरुवारी तीनला येणार होत्या. चार वाजता समोरचं घर दिसेनासं झालं. मुलगी खिडकीला नाक लावून विचारत होती, "इज शी कमिंग ऑर नॉट?" मी फोन करत राहिलो. प्रत्येक वेळी त्यांचाच आवाज यायचा, निरोप ठेवा म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाद्रींचा फोन आला. वळणावर गाडी सरळ जाऊन खाली गोठलेल्या तळ्यात शिरली होती. "त्या घरी गेल्या," ते म्हणाले. आपण देवाघरी म्हणतो, तसं. शेजारच्या सीटवर एक स्टीलचा डबा होता, पट्टा लावून बसवलेला. त्यावर एक कार्ड होतं. आमची तिघांची नावं आणि फोन नंबर. म्हणून पाद्रींनी मला फोन केला होता.

स्पेलिंग बरोबर होतं.

अंत्यविधीनंतरच्या चर्चमधल्या जेवणाला बायकोनं आमच्याकडे राहिलेलं त्यांचं काचेचं भांडं शिरा भरून नेलं आणि त्यांच्या एका मैत्रिणीच्या हाती दिलं. येताना गाडीत मी तिला स्कूटरचं सांगितलं. घरी पोचल्यावर ती आधी गराजमध्ये गेली आणि खोक्यांमागून स्कूटर बाहेर ओढली.

तीन आठवडे गेले. एका दुपारी बेल वाजली. दारात ती मैत्रीण, हातात तेच भांडं, भरलेलं. वय ऐंशीच्या पुढचं. घराचा नंबर वाचण्यासाठी ती भिंतीला अगदी चिकटून उभी होती. मागे रस्त्यावर बर्फ भुरभुरायला लागला होता.

मी तिला आत बसवलं. भांड्यातलं सगळं आमच्या पातेल्यात काढलं, भांडं घासलं, पुसलं आणि तिच्या हातात रिकामं ठेवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही.

"तुम्ही आता गाडी चालवू नका," मी म्हणालो. "मी सोडतो. आणि दर रविवारी चर्चला मी नेईन."

तिनं रिकाम्या भांड्यात पाहिलं, मग माझ्याकडे. तिला राग आला होता.

"मला रस्ता पाठ आहे," ती म्हणाली, आणि निघाली.

मी तसाच चपलांवर बर्फात धावलो. तिनं गाडी लॉक करून घेतली होती. काचेवर हात मारून मी हाक मारली, पण आत रेडिओ मोठ्यानं चालू होता. मागचे लाल दिवे कोपऱ्यावर वळले आणि पांढऱ्यात पुसले गेले.

ती घरी पोचू दे, असं मी मोठ्यानं म्हणालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोणाला म्हणालो, ते मला अजून सांगता येत नाही.