गेटचे एकतीस अर्थ आणि क्लेरचा चार्ज

मंगळवारी सकाळी क्लेर "फाइव्ह मिनिट्स, प्लीज," म्हणाली आणि नव्या मशीनच्या मागे जाऊन रडायला लागली. मी तिची इंग्रजीची ट्रेनर. पाठीवर हात ठेवावा की आधी विचारावं, हे मला समजेना. शेवटी ठेवला.

क्लेर सत्तावीस वर्षांची फ्रेंच इंजिनिअर. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका सूतगिरणीत तिच्या कंपनीची वाइंडिंग मशीन बसली होती. वाइंडिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावर गुंडाळणं. आता बारा ऑपरेटरांना ती चालवायला शिकवायची होती आणि शनिवारी ट्रायल होती. एकटीने सांभाळायचं हे तिचं पहिलंच काम. ट्रायल फसली तर तुझ्या जागी दुसरा माणूस पाठवू, असं पॅरिसच्या बॉसने मेलवर कळवलं होतं.

मी यवतमाळच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हौसेने फ्रेंचही शिकले. म्हणून मॅनेजर देशकर साहेबांनी मला बोलावलं.

अडचण एका शब्दाची होती. गेट. आमच्या ऑपरेटरांचं इंग्रजी निम्मं त्याच्यावरच चालतं. मोटर गेटिंग हॉट, म्हणजे तापतेय. यार्न गॉट स्टक, सूत अडकलं. गेट इट ऑफ, काढून टाक. आय नॉट गेट, मला कळलं नाही. फ्रेंचमध्ये यातल्या प्रत्येकासाठी वेगळं क्रियापद आहे. क्लेर पुस्तकातून इंग्रजी शिकलेली. गेट म्हणजे मिळणं, एवढंच तिला पक्कं. आपल्या 'लागणे'चंही असंच आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, फलाटावर दिग्रसची गाडी लागते. आपण कधी मोजत बसत नाही. परका माणूस मात्र रडकुंडीला येतो.

यावर मी जे केलं, ते बोर्डाचे पेपर तपासून केस पांढरे झालेली मास्तरीणच करू शकते. चार्ट! गेटचे एकतीस अर्थ, प्रत्येकासमोर फ्रेंच शब्द, वरून लॅमिनेशन. क्लेरने आधीच्या शनिवार-रविवारात तो पाठ केला. सोमवारी मी परीक्षा घेतली. एकतीसपैकी एकतीस! मला इतका आनंद झाला की मी घरी शिरा केला.

मंगळवारी ती मशीनवर गेली. ऑपरेटर एक वाक्य बोले आणि क्लेर मनात यादी चाळत उभी राही. अर्थ सापडेपर्यंत पुढची तीन वाक्यं होऊन जात. ऑपरेटर पोरं हसली नाहीत. ती आपसात हिंदीत बोलायला लागली, ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

हे सगळं किसनभाऊ राठोड बघत होते. गिरणीतले सगळ्यात जुने फिटर, राहणार दिग्रसजवळच्या तांड्यावर.

"मॅडम, तिले चार्ट कायले देल्ला?" ते म्हणाले. "मी शायेत गेलो तवा मले मराठी येतच नव्हती. घरी आमची बंजाऱ्याची गोरबोली. गुरुजीनं यादी नाही देल्ली. पाणी आन म्हणे, मी दुसऱ्या पोराले पाहून पाणी आणो. तुम्ही तिले चार्ज घेऊ द्या."

चार्ज म्हणजे काय, ते सांगते. शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर मशीन थांबवतो आणि येणाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. एकेका भागावर हात ठेवून सांगतो, हे तापतं, हे अडकतं, हे आजच बदललं. येणाऱ्यानेही तिथे हात ठेवायचा, मगच पुढे सरकायचं.

देशकर साहेब वैतागले. "शनिवारी ट्रायल हाय, अन तुम्ही इंजिनिअरले शिफ्टवर उभी करून राह्यल्या?"

"साहेब, माझा चार्ट नापास झाला," मी म्हटलं. "आता किसनभाऊंचं ऐकू."

बुधवारपासून क्लेर प्रत्येक शिफ्टला चार्ज घेऊ लागली. वही नाही, भाषांतर नाही. ऑपरेटरचा हात बेअरिंगवर, मग तिचा हात बेअरिंगवर. गेटिंग हॉट! बेअरिंग गरमच होतं, अर्थ शोधायचा कुठे? मी स्टुलावर बसून गप्प राहिले. तीस वर्षांत इतकं अवघड काम मी केलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती स्वतःच किसनभाऊंना चार्ज देत होती, तेही मान हलवत आमच्या पद्धतीने.

शनिवारी पॅरिसचे बॉस व्हिडिओवर होते. क्लेरने प्रेझेंटेशन उघडलंच नाही. बाराही ऑपरेटरांकडून तिने एकेक करून चार्ज घेतला, चुकला त्याला जागेवर सांगितलं आणि मशीन सुरू केली. थोड्याच वेळात सूत गुंडाळणाऱ्या सातव्या ड्रमवर सूत अडकलं. ऑपरेटरने मशीन बंद केली आणि ओरडला, "मॅडम, गॉट स्टक! आय गेट इट ऑफ, ऑर गेट किसनभाऊ?"

मी काढू की किसनभाऊंना बोलावू, एका दमात तीन गेट!

"गेट इट ऑफ युअरसेल्फ!" क्लेर मागे न वळता म्हणाली. त्याने सूत काढलं. मशीन सुरू झाली आणि तासभर थांबली नाही. बॉसनी तिथेच सांगितलं, पुढच्या दोन मशीनही क्लेरच बसवणार. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की देशकर साहेबांनाही वाजवाव्या लागल्या.

जेवताना मी तिला विचारलं, "मघाशी तो पोरगा किती वेळा गेट म्हणाला?"

ती विचारात पडली. "म्हणाला का?"

विद्यार्थ्याला आपण शिकवलेलं आठवेनासं झालं की मास्तरांनी मन खट्टू करून घेऊ नये. तेव्हाच काम झालेलं असतं.