कापून टाकलेलं हसू

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विचारलंच नाही, असं म्हणायची सोय नाही. मायक्रोफोन पुढे धरून विचारलं होतं, आणि तेव्हाही मी दुसरंच काहीतरी सांगितलं.

विचारणारी मुलगी बोईसरची. आपल्या भागातल्या राजकारणाचा इतिहास ती पॉडकास्टमधून सांगते. मी एकेकाळी एका पक्षाचा कार्यकर्ता, किनाऱ्यावरची गावं माझ्याकडे असायची, म्हणून ती पालघरला माझ्या घरी आली. बायको गेल्यापासून मी एकटाच असतो. मुलगा पुण्याला. घरात कोणीतरी आजोबा म्हणतंय, एवढ्यानेच मी फुलून गेलो.

"आजोबा, तो बहिष्कार मोडला कसा, सांगा ना!"

किनाऱ्यावरच्या एका गावाने ठरवलं होतं, जेट्टी नाही तर मतदान नाही. मी खुर्चीत पुढे सरकून सांगितलं, "अगं, सगळं गाव छाती पुढे काढून बसलेलं, आणि एक विधवा कोळीण बाई पदर खोचून थेट आमच्या टेम्पोत! म्हणाली, चला, मला शिक्का मारायचाय." ती मुलगी खळखळून हसली. मीही हसलो.

पहिल्या पर्वात ते तसंच लागलं. ते पर्वच मोकळंढाकळं होतं. मध्येच बोईसरच्या नाक्यावरचे हॉर्न, चहाच्या कपांचा आवाज, तिचे विनोद. शेवटी ती म्हणायची, "काही आठवत असेल तर बोला मंडळी, मी ऐकतेय." दुपारी जेवताना मी फोन ताटाशेजारी ठेवायचो. तिचं "मंडळी" मला एकट्यालाच म्हटल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या पर्वासाठी ती त्या गावातच गेली. त्या बाईकडे. बाई आता पार थकलेली.

"मी मोडायला नव्हती गेली गो. गावकीनं बंदी उठवली, आसं मना दारात येऊन सांगितलं. म्हून गेली."

"कोणी सांगितलं, आजी?"

बाई म्हणाली, "जाव दे. त्याला पन पोरंबाळं हायेत."

माझा घास हातात राहिला.

गावकीच्या बैठकीला तेव्हा घरटी एक पुरुष बसायचा. तिच्या घरात पुरुष नव्हता. त्यामुळे ठरलेलं तिला कोणीतरी दारात येऊन सांगायचं, आणि सांगेल ते ती मानायची. मतदानाच्या दुपारी तो 'कोणीतरी' मी झालो. गावची पेटी रिकामी गेली असती तर पक्षात माझी शोभा झाली असती, एवढंच कारण. तिच्यामागून आणखी चारदोन घरं उतरली. बहिष्कार मोडला. जेट्टी झाली नाही ती नाहीच.

गावाने तिला वाळीत टाकलं. बोंबील वाळवायच्या बांबूंची रांग तिथे एका घराकडून दुसऱ्या घराकडे सलग जाते, बायका बोलत बोलत जोडीने मासे टांगतात. तिचे बांबू उपटून खाडीच्या टोकाला नेऊन टाकले. तिथे ती एकटी टांगत उभी असलेली मी पाहिली आहे. लांबून. गाडीतून.

त्या भागाच्या शेवटीही मुलीने तेच वाक्य म्हटलं. पण "मंडळी" नव्हतं त्यात. "काही आठवत असेल तर बोला. मी ऐकतेय." सावकाश म्हणाली. दारात गेलेला तो माणूस मीच, हे तिला कळलं होतं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी फोन केला नाही. पुढे कधीतरी मन रमवायला तो पहिल्या पर्वातला जुना भाग पुन्हा लावला. माझी गोष्ट होती, "मला शिक्का मारायचाय" होतं, पण तिचं हसणं नव्हतं. तेवढंच काढून टाकलं होतं तिने. मी एकटाच हसत होतो, किती वेळ.

मग मात्र मी बोईसरला उतरून रिक्षाने त्या गावी गेलो. बाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नसावं.

"बोंबील आहेत का?" मी विचारलं.

तिने मान वर केली. "मोबाइलात हासतो तो तूच ना रे?"

मी हो म्हणालो.

"बस. च्या घेशील?"

"नको. उशीर झालाय." उशीर कशालाच झाला नव्हता. तिने बोंबील बांधून दिले, वर मूठभर जास्त घातले. मी रिक्षात बसलो.

तिसऱ्या पर्वात विनोद नाही, चहा नाही, प्रश्नही नाहीत. ती कागदावरून वाचल्यासारखी बोलते. मला आता 'एक कार्यकर्ते' म्हणते. एका भागाच्या सुरुवातीला तिने सपाट आवाजात सांगितलं, की त्या आजी गेल्या. शेवटी "मी ऐकतेय" येईल म्हणून मी थांबून राहिलो. आलं नाही. भाग नुसता संपला.

त्या दिवशी रिक्षात मी जे मनाशी घोकत गेलो होतो, ते एवढंच होतं: बाय, बंदी उठली नव्हती. मी खोटं बोललो. तू गावाचा शब्द मोडला नव्हतास. मला माफ कर.