तपासणीच्या गाडीत चढताना

आमच्या कामातले किस्से घरी सांगण्यासारखे नसतात. जेवताना नवरा विचारायचा, ‘आज काय झालं?’ मी म्हणायची, ‘काही नाही.’ असे ‘काही नाही’ साठत साठत पोतंभर झालेत. आता बसलोच आहोत, तर आलेल्यांची नावं न सांगता थोडे ओतते.

पुण्यात खराडीला आयटी पार्क उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमची संस्था तरुण पुरुषांची गुप्तरोगांची आणि एचआयव्हीची तपासणी करायची. एक जुनी व्हॅन, समजावून सांगायला मी, आणि रक्त घ्यायला नारायण पेठेतले पाठक. बांधकामावरचे, कॅब चालवणारे, कंपन्यांतले, सगळे यायचे. म्हणजे, यायला हवे होते!

पहिल्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. गाडी दिसली की लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. एकाला मी नुसतं ‘अहो’ म्हटलं, तर तो पळत सुटला! दुपारी पाठक खाली उतरले आणि त्यांनी गाडीवरचा बॅनर वाचला. लांबूनही दिसतील अशी लालभडक अक्षरं: ‘गुप्तरोग तपासणी. गुप्तता पाळली जाईल.’

‘बाई,’ पाठक म्हणाले, ‘एवढं केलंत, तर बँडही लावा!’

* * *

बॅनर बदलल्यावर एक इंजिनिअर आला. हेल्मेट घालूनच आत चढला, खुर्चीवर बसला, बाही वर केली. हेल्मेट तसंच. मी म्हटलं, ‘काढा ना, उकडत असेल.’

आतून आवाज आला, ‘नको मॅडम. ऑफिस समोरच आहे. कुणी बघितलं तर?’

पाठक सुई उघडत म्हणाले, ‘अहो, पुण्यात हेल्मेट घातलंत म्हणूनच तर सगळे बघतायत!’

त्याने काच वर केली. डोळे रडून लाल झालेले. लग्न ठरलं होतं, आणि कॉलेजात असताना मित्रांबरोबर तो एकदाच कुठेतरी गेला होता. पत्रिका छापायला गेल्यापासून झोप उडाली होती. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट चांगला आला. ‘थँक यू’ म्हणून जो सुटला, तो हेल्मेट खुर्चीवरच विसरून!

* * *

वाशीमकडचा एक कॅबवाला. रिपोर्ट ऐकायला आला, तो बाहेर गाडी चालूच ठेवून. मी सांगितलं, ‘एचआयव्ही नाही. सिफिलिस आहे, पण इंजेक्शनने बरा होतो.’

‘म्हंजे मी मरत नाही ना, मॅडम?’

‘नाही हो.’

संध्याकाळी पेढे घेऊन हजर! पाठकांनी पेढा हातात धरून विचारलं, ‘घरी काय सांगू? मुलगा की मुलगी?’

तो हसला. मग मी म्हटलं, बायकोचीही तपासणी करावी लागेल. त्याचा चेहरा एकदम उतरला. ‘तिले तुमीच सांगा, मॅडम. सुईचं भेव नाही मले. तिचं आहे.’

* * *

खरं नाव कुणी देत नसे. एकदा रिपोर्टसाठी ‘रमेश पाटील’ अशी हाक मारली, तर बाकावरचे तिघं उठले! तेव्हापासून आम्ही नंबर द्यायला लागलो.

एके दिवशी एक नंबर पुकारला. कुणी उठेना. पुन्हा पुकारला. ज्याचा होता तो समोरच बसला होता, विशीतला, बांधकामावर फरशी बसवणारा. माझ्याकडे बघत होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

तो हळूच म्हणाला, ‘ताई, मी उठलो नाही, तर ते खरं होणार नाही ना?’

पाठकांनी बाकीच्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. बाक रिकामा होईपर्यंत तो आणि मी तसेच बसून होतो. मग तो उठला. मोठ्या दवाखान्यात गोळ्या सुरू करायला मीच त्याच्याबरोबर गेले.

* * *

आणि हे खराडीतलेच बापलेक. शेती आयटी पार्कमध्ये गेलेली, दारात नवी गाडी आलेली. मुलगा कोपरावर कापूस दाबून व्हॅनमधून उतरत होता आणि वडील चढत होते. दोघंही पायरीवर थिजले.

‘काय रं, हितं?’

‘रक्तदान, आबा.’

आबांनी घाम पुसला. ‘मीबी त्याच्यासाठीच आलोय.’

रिपोर्टच्या दिवशी दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. मुलगा आधी आत आला. ‘ताई, माझं राहू द्या. आधी आबांचं सांगा. घरी आई हाय.’

म्हटलं, दुसऱ्याचं सांगता येत नाही. त्याचं त्याला सांगितलं. मग आबा आले. खुर्चीत न बसताच म्हणाले, ‘पोराचं काय निघालं?’

तेही सांगता येत नव्हतं. त्यांचं त्यांना सांगितलं. काय, ते तुम्हालाही सांगणार नाही.

बाहेर आबांनी विचारलं, ‘काय म्हणल्या ताई?’

‘रक्त चांगलं हाय म्हणल्या. तुमचं?’

‘माझंबी.’

एकमेकांकडे न बघता दोघं निघून गेले.

चार दिवसांनी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. मुलाचा चेहरा हुबेहूब तिच्यावर गेला होता, ओळख विचारायची गरजच पडली नाही.

‘आमच्या घरातल्या दोघांनी हितं रक्त दिलं. माझंबी घ्या.’

‘तुम्हाला कुणी पाठवलं?’

‘दोघांनीबी,’ ती म्हणाली. ‘येगयेगळं. दुसऱ्याला सांगू नको म्हणून.’